‘वानरं संपवा, महामारी टळेल’ म्हणणाऱ्या फॉरवर्डचा समाचार

कुठलीही साथ बातम्यांत आली की एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. वर लालभडक डोळ्यांच्या गोरिलाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत इशारा. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर साधारण असा असतो:

“आफ्रिकेच्या जंगलातल्या वानरांमध्ये शेकडो जीवघेणे विषाणू तयार बसले आहेत. एड्स माणसाने वानराशी केलेल्या कुकर्मातून आला. पोलिओच्या लसीतून आणि प्रयोगशाळेतून तो मुद्दाम पसरवला गेला. वानरांना स्वतःला या विषाणूंचं काहीच होत नाही, ती फक्त रोग वाहतात. एबोला, मंकीपॉक्स ही त्यांचीच देणगी. पुढची महामारी तिथूनच येणार. ही जनावरं संपवल्याशिवाय माणूस सुरक्षित नाही. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.”

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. एचआयव्हीचा पूर्वज आफ्रिकेतल्या जंगली चिंपांझींमध्ये सापडतो आणि त्याबद्दल आज शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही. या एका खऱ्या खुंटीवर बाकीचं सगळं टांगलंय, म्हणूनच हा मजकूर इतका चिवट आहे.

त्याआधी शब्दाचा एक घोळ निस्तरायला हवा. आपण ‘वानर’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतं ते काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं जनावर. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांना शेपूटच नसतं. ते वेगळ्या शाखेतले आणि माणसाच्या बरेच जवळचे. त्यांना मी इथे कपी म्हणेन आणि शेपटीवाल्यांना माकडं. फॉरवर्डने दोघांना एकाच पोत्यात कोंबलंय. हा घोळ नुसता भाषेचा असता तर सोडून दिला असता, पण त्यातून पुढे मोठ्या चुका होतात.

“एड्स माणसाने वानराशी केलेल्या कुकर्मातून आला”

हे वाक्य लोक चवीने पुढे ढकलतात. त्यात आफ्रिकेतल्या माणसांबद्दलचा तिरस्कारही आहे, तो लपलेलाही नाही. पण तो बाजूला ठेवून निव्वळ जीवशास्त्र बघितलं तरी या कल्पनेची गरजच पडत नाही. चिंपांझीच्या रक्तात विषाणू आहे, शिकारी त्याला मारतो, सोलतो, तुकडे करतो. हाताला कापलेलं असतं किंवा तोडताना हाडाचा कपचा लागतो. रक्ताला रक्त भिडलं की झालं. मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात रानटी जनावरांचं मांस हा पिढ्यान्‌पिढ्या जेवणाचा भाग आहे, त्यामुळे असा संपर्क हजारो वेळा घडलेला असणार. विषाणूला आत शिरायला यापेक्षा चांगली वाट कोणती हवी? धोका मांस खाण्यात कमी आणि ते कच्चं असताना हाताळण्यात जास्त असतो. नीट शिजलेल्या मांसात असे विषाणू टिकत नाहीत.

हे कुठे घडलं, हे शोधण्याची गोष्ट मात्र वाचण्यासारखी आहे. जंगली चिंपांझीला पकडून रक्त काढणं शक्य नाही आणि योग्यही नाही. मग विषाणूशास्त्रज्ञ बिएट्रिस हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलात जमिनीवर पडलेली विष्ठा गोळा करायची रीत बसवली. विष्ठेत विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडतात, विषाणूच्या जनुकांचे तुकडेही सापडतात, आणि ती विष्ठा कोणत्या जनावराची हे त्यातल्याच डीएनएवरून कळतं. कॅमेरूनच्या जंगलांत माग काढणाऱ्या स्थानिकांनी हे नमुने गोळा केले. २००६ मध्ये निकाल आला. आग्नेय कॅमेरूनमधल्या काही टोळ्यांत साधारण एक तृतीयांश चिंपांझींना एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचा कपी-माकडांतला भाऊबंद, झालेला होता, आणि जगभर पसरलेल्या एचआयव्हीशी सगळ्यांत जवळचं नातं याच टोळ्यांतल्या विषाणूचं निघालं.

त्या भागातल्या नद्या सांगा नदीला मिळतात, सांगा काँगो नदीला, आणि काँगोच्या काठी लिओपोल्डव्हिल, आजचं किन्शासा. विषाणू बहुधा याच पाणवाटेने, कुणा माणसाच्या अंगातून शहरात पोचला. किन्शासातून १९५९ आणि १९६० साली घेतलेले दोन नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा दोघांतल्या विषाणूंत साधारण १२ टक्के फरक दिसला. एकाच मुळापासून इतके दूर जायला काही दशकं लागतात. मायकेल वोरोबी यांच्या गटाने २००८ मध्ये हा हिशोब मागे नेला, तेव्हा मूळ १९०८ च्या आसपास पडलं. मर्यादा १८८४ ते १९२४. याचा अर्थ लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या आजाराची पहिली नोंद ५ जून १९८१ ला छापून आली, तेव्हा विषाणू माणसांत सत्तरेक वर्षं मुरलेला होता.

१९०८ ही तारीख लक्षात ठेवा. पुढच्या मुद्द्यात तीच कामाला येणार आहे.

“पोलिओच्या लसीतून आणि प्रयोगशाळेतून तो मुद्दाम पसरवला गेला”

आधी एक साधा प्रश्न. एड्स कुकर्मातून आला की लसीतून, की प्रयोगशाळेतून? एकाच मजकुरात तिन्ही कारणं सुखाने नांदतात आणि पाठवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

लसीची कल्पना निदान एके काळी गांभीर्याने तपासण्याजोगी होती, म्हणून तिला थोडा वेळ देतो. १९५७ ते १९६० या काळात बेल्जियन काँगो आणि शेजारच्या भागात सुमारे दहा लाख लोकांना हिलरी कोप्रोव्स्की यांची तोंडावाटे द्यायची पोलिओ लस दिली गेली. स्टॅनलीव्हिलजवळ, म्हणजे आजच्या किसंगानीजवळ, एका छावणीत चिंपांझी ठेवलेले होते आणि त्यांच्यावर लसीच्या चाचण्या झाल्या होत्या. यावरून तर्क निघाला की लस चिंपांझींच्या पेशींवर वाढवली असेल आणि तिच्यातून विषाणू माणसांत गेला असेल.

हा तर्क तपासून बघायलाच हवा असं मानणाऱ्यांत बिल हॅमिल्टन होते, विसाव्या शतकातल्या मोठ्या उत्क्रांतिशास्त्रज्ञांपैकी एक. जानेवारी २००० मध्ये, साठी ओलांडलेली असताना, युद्ध चालू असलेल्या काँगोत ते चिंपांझींची विष्ठा गोळा करायला गेले. तरुण वोरोबी बरोबर होते. हॅमिल्टन मलेरिया घेऊन परतले आणि मार्चमध्ये लंडनला वारले. एका शंकेपायी माणूस कुठवर जातो ते बघा, आणि मग घरबसल्या ‘शास्त्रज्ञ सत्य लपवतात’ हे वाक्य पुढे ढकला.

शंकेचं उत्तर मिळालं. जपून ठेवलेल्या लसीच्या जुन्या कुप्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासल्या गेल्या. त्यांत एसआयव्ही नव्हता, चिंपांझीचा डीएनएही नव्हता. पेशी माकडांच्या निघाल्या. २००४ मध्ये वोरोबी आणि सहकाऱ्यांनी किसंगानी भागातल्या चिंपांझींतला विषाणू प्रसिद्ध केला. तो एचआयव्हीपासून दूरच्या फांदीवरचा होता. छावणीतले चिंपांझी ज्या भागातून येत, तिथला विषाणूच वेगळा. आणि वर सांगितलेली तारीख आहेच: १९५७ साली दिलेल्या लसीतून १९०८ च्या आसपास विषाणू कसा सुरू होईल?

प्रयोगशाळेची कथा याहून पोकळ आहे, पण तिचा जन्मदाखला उपलब्ध आहे. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. एड्सचा विषाणू अमेरिकेच्या लष्कराने फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत बनवला, असा त्यात दावा होता. दोन वर्षांनी सोव्हिएत साप्ताहिक ‘लितेरातुर्नाया गझेता’ने तोच धागा उचलला आणि कथा जगभर गेली. ही सोव्हिएत गुप्तहेर खात्याची मोहीम होती, हे १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव यांनीच मान्य केलं. फॉरवर्डचं हे वाक्य त्या पत्राचंच नातवंड आहे. आणि तांत्रिक बाजू म्हणाल, तर १९०८ साली विषाणू बनवणं सोडा, तो कसा दिसतो हेही कुणी पाहिलेलं नव्हतं.

“वानरांना स्वतःला काहीच होत नाही”

माकड आणि कपी एकाच पोत्यात घातल्याचा परिणाम इथे दिसतो. पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबी माकडांना एसआयव्ही होतो आणि ती बहुतेक धडधाकट राहतात, हे खरं. त्यांची आणि विषाणूची ओळख फार जुनी आहे. चिंपांझींचं तसं नाही.

चिंपांझींना हा विषाणू मिळाला तो त्यांनी खाल्लेल्या माकडांकडून. चिंपांझी माकडांची शिकार करतात, टोळीने, झाडावर घेरून. त्यांचा एसआयव्ही किमान दोन प्रकारच्या माकडांच्या विषाणूंची सरमिसळ होऊन बनलेला आहे. म्हणजे शिकाऱ्याने शिकारीच्या रक्तातून रोग घेतला. माणसाच्या बाबतीत जे घडलं तेच, फक्त एक पायरी आधी.

आणि त्यांना तो मारतो. टांझानियातल्या गोंबेत, जिथे जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये चिंपांझींचा अभ्यास सुरू केला, तिथल्या टोळ्यांचा हिशोब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एसआयव्ही असलेल्या चिंपांझींना मृत्यूचा धोका त्याच वयाच्या निरोगी चिंपांझींच्या तुलनेत १० ते १६ पट निघाला. लागण झालेल्या माद्यांना पिल्लं कमी होत आणि झालेली पिल्लं कमी जगत. एका मृत चिंपांझीच्या शवविच्छेदनात प्रतिकारपेशींची तशीच नासधूस आढळली जशी एड्सच्या रुग्णात आढळते.

एबोलाचं तर विचारूच नका. २००२ ते २००४ या काळात काँगो प्रजासत्ताकातल्या लोसी अभयारण्यात संशोधक ज्या गोरिलांना एकेकट्याने ओळखत होते, त्या टोळ्याच्या टोळ्या नाहीशा झाल्या. त्या परिसरात एबोलाने सुमारे ५,००० गोरिला मारले असावेत असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. पुढच्याच वर्षी पश्चिमी गोरिला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. कारणं दोन, शिकार आणि एबोला. जो प्राणी रोगाने इतक्या झपाट्याने मरतो तो त्या रोगाचं कोठार होऊ शकत नाही. विषाणूला टिकून राहायला असं घर लागतं जे जळून खाक होत नाही.

“एबोला, मंकीपॉक्स ही त्यांचीच देणगी”

कपींच्या मृतदेहांतून एबोला माणसांत आल्याची उदाहरणं आहेत, ती नाकारायची नाहीत. १९९४ मध्ये कोत दिव्वारच्या ताई जंगलात मेलेल्या चिंपांझीचं शवविच्छेदन करणाऱ्या एका संशोधिकेला लागण झाली, ती वाचली. १९९६ मध्ये गॅबनच्या मायिबू गावात लोकांनी जंगलात सापडलेला मेलेला चिंपांझी कापला, आणि पहिले रुग्ण कापणाऱ्यांतूनच निघाले. पण त्या चिंपांझीला रोग कुठून आला? संशयाची सुई फळं खाणाऱ्या वटवाघळांकडे जाते. २००५ मध्ये त्यांच्या तीन जातींत एबोलाच्या जनुकांचे तुकडे आणि प्रतिपिंडं सापडली. एबोलाचा सख्खा भाऊ असलेला मारबर्ग विषाणू तर युगांडातल्या गुहेतल्या वटवाघळांतून जिवंत वेगळा करता आला आहे. म्हणजे कपी हे मधलं स्टेशन झालं, तेही रक्तबंबाळ.

आणि इतिहासातली सगळ्यांत मोठी एबोला साथ घ्या. डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतल्या मेलियांदू गावातल्या एका लहान मुलापासून ती सुरू झाल्याचं मानलं जातं. तीन देशांत २८,६०० हून अधिक रुग्ण आणि ११,३०० हून अधिक मृत्यू. त्या परिसरात संशोधकांनी जाऊन पाहिलं तेव्हा कपींची संख्या घटल्याची खूण सापडली नाही. संशय गेला तो गावाजवळच्या पोकळ झाडातल्या वटवाघळांवर. पुढचे हजारो रुग्ण कुणा जनावरामुळे नव्हे तर माणसांकडून माणसांना झाले: आजाऱ्याची सेवा करताना, प्रेत धुताना, हातमोज्यांचा तुटवडा असलेल्या दवाखान्यांत.

मंकीपॉक्सबद्दल थोडक्यात. वड्याचं तेल वांग्यावर कसं निघतं याचा तो नमुना आहे. १९५८ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या माकडांना पुरळ उठले, म्हणून नाव पडलं मंकीपॉक्स. माकडं तिथे फक्त पहिली रुग्ण होती. या विषाणूचं घर आफ्रिकेतल्या खारी-उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या छोट्या प्राण्यांत असावं असं मानलं जातं. ताई जंगलातल्या चिंपांझींनाही २०१७-१८ मध्ये हा रोग झाला. नावामुळे होणारी बदनामी लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एमपॉक्स’ हे नाव सुचवलं. फॉरवर्डला ती बातमी अजून पोचलेली नाही.

“शेकडो जीवघेणे विषाणू तयार बसले आहेत, पुढची महामारी तिथूनच”

हे वाक्य ऐकायला सगळ्यांत शास्त्रीय वाटतं, म्हणून इथे जरा थांबावं लागेल. त्यात एक गृहीत लपलंय: विषाणूने उडी मारली की साथ आली. प्रत्यक्षात उडी मारणं आणि पसरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक विषाणू दुसऱ्यात नापास होतात.

फोमी विषाणू बघा. बहुतेक सगळ्या कपींत आणि माकडांत तो असतो, लाळेत भरपूर असतो, चाव्यातून माणसात सहज येतो. २००४ मध्ये कॅमेरूनमधल्या सुमारे १,१०० लोकांची तपासणी झाली, त्यांतल्या दहांमध्ये त्याच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला, आणि एकात सापडलेला विषाणू थेट गोरिलाचा होता. म्हणजे उड्या आजही चालू आहेत, अगदी आपल्या डोळ्यांदेखत. पण या विषाणूमुळे माणसाला आजार झाल्याचं दिसलेलं नाही आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेल्याचंही दिसलेलं नाही. उडी मारली, आत आला आणि तिथेच बसून राहिला.

आता खुद्द एचआयव्हीकडे वळू. आपण ‘एचआयव्ही’ म्हणून एकच नाव घेतो, पण एचआयव्ही-१ चे चार गट आहेत आणि प्रत्येक गट म्हणजे कपींकडून माणसाकडे झालेली वेगळी उडी. एम आणि एन चिंपांझींकडून, ओ आणि पी गोरिलांकडून. एचआयव्ही-२ तर सूटी मँगबी माकडांकडून किमान नऊ वेळा आला. म्हणजे मोजता येतील अशा उड्याच तेरा. त्यांतली जगभर पसरली फक्त एक, एम. ओ गट मुख्यतः कॅमेरून आणि आसपास राहिला. एन गटाचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि २००९ मध्ये ओळखल्या गेलेल्या पी गटाचे त्याहूनही कमी. एचआयव्ही-२ चे बहुतेक गट तर एखाद्या माणसापलीकडे गेलेच नाहीत.

हा फरक कशाने पडला? थोडा शरीराने, थोडा इतिहासाने. माणसाच्या पेशींवर टेथरिन नावाचं एक प्रथिन असतं. पेशीतून बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंना ते दावणीला बांधल्यासारखं धरून ठेवतं. चिंपांझीतला विषाणू हे दावं एका विशिष्ट प्रथिनाने तोडतो. माणसाच्या टेथरिनचा नेमका तोच तुकडा उत्क्रांतीत गळून गेलाय, त्यामुळे ती कात्री इथे चालत नाही. एम गटाने दुसऱ्याच एका प्रथिनाची नवी कात्री घडवली आणि ती चांगली धारदार निघाली. एन गटाची बोथट निघाली. पी गटाला तर ते जवळपास जमलंच नाही.

पण धारदार कात्रीनेही जंगलातल्या खेड्यात महामारी केली नसती. एम गटाच्या नशिबी किन्शासा आलं: वसाहतकाळात झपाट्याने वाढणारं शहर, कामासाठी आलेले एकटे पुरुष, १९४० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसं वाहून नेणारी रेल्वे. त्यात वसाहतींच्या आरोग्यमोहिमांत नीट न उकळता पुन्हापुन्हा वापरलेल्या सुया; त्यांनीही हातभार लावला असं काही संशोधक मानतात आणि मला ते पटतं. चार कोटींहून अधिक बळी घेणारी साथ चिंपांझीने केली नाही. चिंपांझीच्या रक्तातून एक ठिणगी आली, सरपण शहराने रचून ठेवलेलं होतं.

उलटं उदाहरणही आहे आणि मला ते फार आवडतं. ताई जंगलातले चिंपांझी लाल कोलोबस माकडं नेमाने मारून खातात. या माकडांत एसआयव्हीचं प्रमाण प्रचंड आहे. पिढ्यान्‌पिढ्या रक्तमांसाचा संपर्क चालू आहे, तरीही २०११ मध्ये संशोधकांनी तिथले चिंपांझी तपासले तेव्हा त्यांच्यात तो विषाणू गेल्याचा पुरावा मिळाला नाही. दारात उभा असलेला प्रत्येक पाहुणा घरात येतोच असं नाही.

याचा अर्थ धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. कपी आपल्या इतके जवळचे आहेत की त्यांच्या पेशींची कुलुपं आणि आपली कुलुपं सारखी. एखादी नवी किल्ली चालूनही जाईल. पण ती कुठे चालेल, हे सांगता येतं. नव्या लाकूडतोडीच्या रस्त्यालगत, खाणीच्या छावणीत, जिथे शेकडो भुकेल्या मजुरांसाठी रोज जंगलातून मांस येतं आणि संध्याकाळी तोच ट्रक शहराकडे जातो, तिथे. फॉरवर्डमध्ये रस्त्याचा, खाणीचा, ट्रकचा उल्लेखही नाही. आहे तो फक्त लालभडक डोळ्यांचा गोरिला.

जे फॉरवर्ड सांगतच नाही

विषाणूंची वाहतूक दुतर्फा चालते, आणि सध्या कपींकडे जाणारी बाजू जास्त गर्दीची आहे.

युगांडाच्या किबाले जंगलातल्या कान्यावारा टोळीत २०१३ मध्ये चिंपांझी खोकायला लागले. ५६ पैकी पाच मेले. बेट्टी नावाच्या दोन वर्षांच्या पिल्लाचं शवविच्छेदन झालं आणि सापडला ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे आपल्याकडे साधी सर्दी करणाऱ्या कुळातला माणसांचा विषाणू. ताई जंगलात १९९९ ते २००६ दरम्यान चिंपांझींत श्वसनरोगाच्या ज्या साथी आल्या, त्यांत मेलेल्यांच्या फुप्फुसांत माणसांचेच विषाणू निघाले. दुःख असं की ते बहुधा त्यांच्या रक्षणासाठी, अभ्यासासाठी आलेल्या माणसांकडूनच गेले. रुआंडात २००९ मध्ये पर्वतीय गोरिलांच्या एका टोळीत माणसांच्या श्वसनविषाणूने बळी घेतले. जानेवारी २०२१ मध्ये सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोव्हिड झाला.

याला जुना इतिहास आहे. १९६६ मध्ये गोंबेतले चिंपांझी एकाएकी लुळे पडू लागले. कुणाचा हात गेला, कुणाचे दोन्ही पाय. आसपासच्या वस्त्यांत पोलिओ होता. गुडॉल यांच्या चमूने पोलिओची तोंडी लस मागवली आणि केळ्यांत घालून चिंपांझींना खाऊ घातली. फॉरवर्ड म्हणतो पोलिओच्या लसीतून एड्स पसरवला गेला. गोंबेत पोलिओच्या लसीने चिंपांझी वाचवले.

म्हणून पर्वतीय गोरिला बघायला जाणाऱ्यांवर नियम आहेत. ठरावीक अंतर, टोळीजवळ जास्तीत जास्त एक तास, सर्दी-खोकला असलेल्याला प्रवेश नाही, कोव्हिडनंतर तोंडाला मास्क. हजाराच्या आसपास उरलेल्या या प्राण्यांत माणसाचा एक शिंकणारा पाहुणा काय करू शकतो, हे ठाऊक असलेल्यांनी ते केलेत.

“ही जनावरं संपवल्याशिवाय माणूस सुरक्षित नाही”

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तर आहेच. पण हा सल्ला नुसता क्रूर नाही, तो स्वतःच्या पायावर धोंडा आहे. विषाणू येतो कसा, हे पुन्हा आठवा: मारताना, कापताना, रक्ताला हात लावताना. हजारो कपी मारायचे म्हणजे हजारो वेळा तोच संपर्क मुद्दाम घडवून आणायचा. आजवर शिकाऱ्यांनी पोटासाठी जेवढी जोखीम घेतली, तेवढी आपण सुरक्षेच्या नावाने घ्यायची.

अशा मजकुराने काय होतं तेही बघायला मिळालंय. ऑगस्ट २०२२ मध्ये, मंकीपॉक्सच्या बातम्या चालू असताना, ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांना दगड मारले, विष घातलं. त्या साथीत विषाणू माणसांकडून माणसांना जात होता. तिथल्या माकडांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेला तसं जाहीरपणे सांगावं लागलं. त्याच ब्राझीलमध्ये काही वर्षांपूर्वी पीतज्वराच्या वेळी हाऊलर माकडं मारली गेली होती. पीतज्वर डासांमुळे होतो, आणि हाऊलर माकडं त्याने सर्वांत आधी मरतात. जंगलात ती मरून पडू लागली की आरोग्य खातं समजतं, लसीकरण सुरू करायची वेळ झाली. लोकांनी धोक्याची घंटा वाजवणाऱ्यालाच ठार मारलं.

कपींच्या बाबतीतही हीच घंटा वाजलेली आहे. २००१ ते २००३ या काळात गॅबन आणि काँगो प्रजासत्ताकाच्या सीमेवरच्या जंगलांत मेलेल्या जनावरांवर नजर ठेवणारं एक जाळं उभारलं गेलं. शिकारी, वनरक्षक, संशोधक यांच्यापैकी कुणालाही गोरिलाचा, चिंपांझीचा किंवा हरणाचा मृतदेह दिसला की ते कळवत. मग संरक्षक पोशाखातली माणसं जाऊन नमुना घेत. दोनदा असं झालं की माणसांत रुग्ण दिसण्याआधीच या मृतदेहांत एबोला सापडला आणि अधिकाऱ्यांना इशारा गेला. इशारा जाऊनही २००३ च्या सुरुवातीला काँगो प्रजासत्ताकातल्या केले आणि म्बोमो या दोन भागांत १४३ जणांना लागण झाली आणि १२८ जण दगावले. त्या इशाऱ्यातलं गावागावांत पोचवायचं वाक्य एकच होतं: जंगलात मेलेलं जनावर दिसलं तर त्याला हात लावू नका, फक्त कळवा.